पीएसए पुन्हा वाढू लागला तर

प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षे झालेली असतात. घरातले लोक ते आजारपण विसरलेले असतात. मधल्या काळात मुलीचा निकाह झालेला असतो, अब्बा-अम्मी उमरा करून आलेले असतात. डॉक्टरांनी सांगितले म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे आणि कागद फाईलला लावायचा, एवढाच त्या दुखण्याशी संबंध उरलेला असतो. मग एका तपासणीत नेहमीच्या जवळजवळ शून्य आकड्याऐवजी ०.२ किंवा ०.३ असे काहीतरी लिहून येते. अब्बांना काही दुखत नाही, भूक लागते, फजरला ते सगळ्यांच्या आधी उठतात. तरी डॉक्टर म्हणतात, आजार परत आलेला दिसतो.

घरात अशा वेळी दोनच गोष्टी होतात. एक तर आता सगळे संपले असे समजून रडारड सुरू होते, नाहीतर काही त्रास नाही ना, मग कशाला डॉक्टरांच्या नादी लागायचे, म्हणून फाईल कपाटात जाते. आमच्या मते ही दोन्ही टोके चुकीची आहेत, आणि हा लेख लिहायचे कारणही तेच आहे. परत आलेला प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेकांच्या बाबतीत हळू चालणारा आजार आहे. त्याला आणखी हळू करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. मात्र ती कोणाला द्यायची, कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, हे ठरवण्यासाठी एका आकड्याची गरज असते. तो आकडा बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही.

आधी थोडी ओळख. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी फक्त पुरुषांना असते. ती लघवीच्या पिशवीच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. पीएसए हे प्रथिन तीच तयार करते आणि त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. ऑपरेशन करून ग्रंथी पूर्ण काढली तर रक्तात पीएसए जवळजवळ राहायलाच नको. तो ०.२ पर्यंत चढला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच निघाला, तर कुठेतरी काही पेशी शिल्लक आहेत असे डॉक्टर धरतात. ज्यांनी ऑपरेशनऐवजी रेडिएशन घेतले, आपल्याकडे ज्याला शेक देणे म्हणतात, त्यांची ग्रंथी जागेवरच असते. म्हणून त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. उपचारानंतर पीएसए जितका खाली गेला असेल, त्याच्यावर २ अंकांनी वाढला की आजार परतला असे मानतात.

या अवस्थेत स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. अलीकडे पीएसएमए पेट नावाचा स्कॅन आला आहे. तो पीएसए बराच कमी असतानाही पेशी कुठे दडल्या आहेत ते पुष्कळदा दाखवतो. मोठ्या शहरांत तो होतो आणि महाग आहे, पण उपचार कुठे करायचा हे त्यावरून ठरत असेल तर तो खर्च वाया जात नाही.

आता वेळेविषयी. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे प्रोस्टेट काढलेल्या १,९९७ पुरुषांपैकी ३१५ जणांचा पीएसए पुढे वाढला. त्यांच्यातील बहुतेकांना हाडापर्यंत आजार दिसेपर्यंत हार्मोनचे औषध दिलेले नव्हते. तरीही पीएसए वाढल्यापासून आजार हाडांत किंवा इतरत्र दिसेपर्यंतचा मध्य काळ आठ वर्षे निघाला आणि त्यानंतरचे आयुष्य आणखी पाच वर्षे. मध्य काळ म्हणजे अर्ध्या लोकांना त्यापेक्षा कमी वेळ मिळाला आणि अर्ध्यांना जास्त. कोणाला कमी मिळणार आणि कोणाला जास्त, हेच तर कळायला हवे.

ते सांगणारा आकडा म्हणजे पीएसए किती महिन्यांत दुप्पट होतो. हा चक्रवाढीचा हिशेब आहे. व्याज घेणे-देणे आपल्याला मना आहे, पण सातवी-आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज आम्हाला शिकवावेच लागते आणि इथे ते उपयोगी पडते. दोन माणसे घ्या. दोघांचाही पीएसए आज ०.२ आहे. पहिल्याचा दर ३ महिन्यांनी दुप्पट होतो. म्हणजे ०.४, ०.८, १.६ असे करत वर्षाच्या शेवटी ३.२. दुसऱ्याचा दर १५ महिन्यांनी दुप्पट होतो. त्याला त्याच ३.२ वर पोहोचायला पाच वर्षे लागतात. कागदावर आज दोघे सारखे, पण आजार मात्र एकाच्या घरी धावत येतो आहे आणि दुसऱ्याच्या घरी काठी टेकत. पहिल्याला औषध लवकर हवे. दुसऱ्याचे वय ७८ असेल, सोबत हृदयाचे दुखणे असेल, तर डॉक्टर फक्त लक्ष ठेवू म्हणतील, आणि ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये.

हा आकडा काढायला महिन्यांच्या अंतराने केलेल्या किमान तीन तपासण्या लागतात, आणि शक्यतो एकाच लॅबमधल्या. एक मुंबईत मुलाकडे असताना, एक गावी, एक शिबिरात फुकट होती म्हणून, असे केले की आकड्यांतील फरक आजाराचा की यंत्राचा, हे कळत नाही. घरातील एखाद्या मुलीने किंवा सुनेने वहीच्या एका पानावर तारीख आणि पीएसए लिहीत गेले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

औषधांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ऑपरेशननंतर पीएसए वाढला आणि आजार अजून दूर पसरलेला नसेल, तर ग्रंथीच्या रिकाम्या जागेवर शेक देऊन तो कायमचा बरा होण्याची संधी असते. पीएसए ०.५ च्या खाली असताना ही संधी चांगली असते आणि तो चढत जाईल तशी ती कमी होते. म्हणून काही दुखत नाही म्हणून थांबण्याची ही जागा नाही. शेकाबरोबर औषधही द्यावे का, यावर अमेरिकेत ७६० पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना शेकाबरोबर दोन वर्षे बायकॅल्युटामाइड ही गोळी दिली, निम्म्यांना नुसता शेक. बारा वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ७६ टक्के हयात होते आणि नुसता शेक घेतलेल्यांपैकी ७१ टक्के. परंतु पुढे तेच आकडे बारकाईने पाहिले तेव्हा पीएसए कमी असतानाच शेक घेतलेल्यांना गोळीचा फायदा दिसला नाही. आणि गोळी घेणाऱ्या दहापैकी सात पुरुषांची छाती सुजली. जास्त औषध म्हणजे चांगला उपचार, ही आपली आवडती समजूत इथे चालत नाही.

आता मूळ प्रश्न. औषध या आजाराला हळू कसे करते?

प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतात. हे प्रथम नीट सिद्ध केले शिकागोचे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी. कॅनडात जन्मलेले हे डॉक्टर कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करत असत, कारण म्हातारपणी कुत्र्यांचीही प्रोस्टेट वाढते. १९४१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले की अंडकोष काढले किंवा स्त्री-हार्मोन दिले, तर हाडांपर्यंत पसरलेला कॅन्सरही माघार घेतो. कॅन्सर म्हणजे बेबंद वाढ, तिला शरीरातील कशाचीच गरज नसते, असा तोवरचा समज होता. तो मोडला. पंचवीस वर्षांनी, १९६६ मध्ये, हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजची बहुतेक औषधे त्याच पायावर उभी आहेत. अंडकोष काढण्याचे छोटे ऑपरेशन आजही होते. स्वस्त आहे, एकदाच करायचे आहे, आणि गरीब घरांत पुष्कळदा तेच निवडले जाते. फक्त ते मागे घेता येत नाही. इंजेक्शनाचा मार्ग अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या संशोधनातून निघाला. मेंदूतून निघणारा जो संदेश शेवटी टेस्टोस्टेरॉन तयार करवतो, त्या संदेशाची रचना त्यांनी उलगडली आणि १९७७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. त्या संदेशाची नक्कल म्हणजे ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शने. ती महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घेतात. गंमत अशी की ही नक्कल संदेश अडवत नाही, उलट अखंड देत राहते. शाळेची घंटा दिवसभर वाजत राहिली तर मुले तिच्याकडे लक्ष देईनाशी होतात, तसे मेंदूतील ग्रंथीचे होते आणि टेस्टोस्टेरॉन थांबते. पण पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते आधी वाढते. म्हणून सुरुवातीला डॉक्टर सोबत थोडे दिवस गोळी देतात. ती गोळी अनावश्यक समजून टाळू नये. अलीकडे डिगारेलिक्सचे इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची रोजची गोळी आली आहे. त्यांत ही सुरुवातीची उसळी येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे एन्झाल्युटामाइड. इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन कमी होते, पूर्ण जात नाही. उरलेले हार्मोन कॅन्सरच्या पेशीत ज्या कुलपाला जाऊन बसते, ते कुलूपच ही गोळी बंद करते. परत आलेल्या पण स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या आजारात तिचा उपयोग किती, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्बार्क नावाच्या प्रयोगाने दाखवले. त्यात १,०६८ पुरुष होते, आणि घेतले होते फक्त ज्यांचा पीएसए नऊ महिन्यांत किंवा त्याहून लवकर दुप्पट होत होता असेच. आमच्या वरच्या उदाहरणातील पहिल्या माणसासारखे. पाच वर्षांनी आजार कुठेही न पसरता जिवंत असलेले पुरुष नुसत्या ल्युप्रोलाइडवर ७१ टक्के होते, ल्युप्रोलाइड आणि एन्झाल्युटामाइड दोन्ही घेणाऱ्यांत ८७ टक्के, आणि नुसती एन्झाल्युटामाइडची गोळी घेणाऱ्यांत ८० टक्के.

या प्रयोगातील दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. नऊ महिन्यांच्या सुमारास ज्यांचा पीएसए ०.२ च्या खाली गेला, त्यांचे औषध थांबवले. दोन्ही औषधे घेणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांचे थांबवता आले, आणि त्यांची सुट्टी मध्यम हिशेबाने वीस महिने टिकली. नंतर पीएसए ठराविक पातळीवर गेला की पुन्हा सुरू. म्हणजे हे औषध मरेपर्यंत मानेवर बसणारच असे नाही. थांबवत-थांबवत देण्याची पद्धत जुनीही आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या १,३८६ पुरुषांच्या अभ्यासात, शेकानंतर पीएसए वाढलेल्यांना सतत औषध देऊन आयुष्य मध्यम हिशेबाने ९.१ वर्षे मिळाले आणि थांबवत दिल्याने ८.८ वर्षे. मधल्या सुट्टीत अंगातील गरम वाफा, मनाचा कोरडेपणा कमी झाले, हे वेगळेच. तेव्हा डॉक्टरांना औषध कधी सुरू करायचे याच्या जोडीला ते कधी थांबवता येईल, हेही पहिल्याच भेटीत विचारावे.

टेस्टोस्टेरॉन काढून घेतल्यावर शरीर काय म्हणते, हे दवाखान्यात घाईने सांगितले जाते आणि घरी कोणी बोलत नाही. पन्नाशीत बायकांना जशा एकाएकी गरम वाफा येतात, घामाने कुर्ता भिजतो, तशाच या पुरुषांनाही येतात. घरातील अम्मीला हा अनुभव असतो. तिने नुसते 'मलाही व्हायचे असे' म्हटले तरी माणसाला धीर येतो. इच्छा कमी होते, पती-पत्नीच्या संबंधांवर परिणाम होतो. कित्येक पुरुष हे लाजेने सांगत नाहीत आणि बायकोला वाटते की त्यांचे मन आपल्यावरून उडाले. हा औषधाचा परिणाम आहे, एवढे दोघांनाही माहीत असावे. चिडचिड होते, थकवा येतो, बोलणे कमी होते. पोट वाढते आणि साखर वाढते. ज्याला आधीच मधुमेह आहे त्याची गोळी बदलावी लागू शकते. हाडे ठिसूळ होतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची डेक्सा तपासणी, गरजेप्रमाणे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यावे लागते. चालणे आणि हातापायांनी थोडे वजन उचलण्याचा व्यायाम रोजचाच. एन्झाल्युटामाइडने रक्तदाब वाढू शकतो आणि तोल जाऊन पडण्याची भीती असते. ज्यांना पूर्वी फिट आली आहे त्यांनी ते आवर्जून सांगावे. बाथरूममधील ओले फरशीचे तुकडे आणि वजूची घसरती जागा या काळात आधी दुरुस्त करून घ्यावी.

वजूचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक ऑपरेशननंतर दीड वर्ष मशिदीत गेले नाहीत. लघवीचे थेंब गळत, पाकी राहत नाही म्हणून ते घरीच बसत आणि कोणाला कारण सांगत नसत. हळूहळू त्यांनी दवाखान्यात जाणेही सोडले. शेवटी त्यांच्या जावयाने इमामसाहेबांना विचारले. गळती थांबत नसेल तर माणूस माजूर ठरतो, पॅड वापरून प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वजू करायचा आणि नमाज पढायची, असा मसला त्यांनी समजावला. ओटीपोटाच्या व्यायामाने गळती पुष्कळ कमी होते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. नंतर पीएसएची तपासणीही पुन्हा सुरू झाली.

रमजानचे नियोजन महिनाभर आधी करावे. एन्झाल्युटामाइड आणि ॲपाल्युटामाइड दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कसेही चालते, तेव्हा इफ्तार किंवा सहेरीची एक वेळ ठरवून टाकता येते. डॅरोल्युटामाइड दिवसातून दोनदा जेवणाबरोबर असते, म्हणून ते दोन्ही वेळांत विभागता येते. अडचण ॲबिराटेरोनची. हे औषध मुख्यतः आजार पसरल्यावर देतात. ते रिकाम्या पोटी घ्यायचे असते, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. जेवणाबरोबर, विशेषतः तेलकट जेवणाबरोबर घेतले तर ते रक्तात कितीतरी पट जास्त उतरते. त्यासोबतची प्रेडनिसोलोन मात्र खाऊन घ्यायची. इफ्तारच्या भजी-समोशांबरोबर दोन्ही गोळ्या एकदम गिळणे धोक्याचे आहे. वेळ डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी. स्नायूत किंवा त्वचेखाली दिलेल्या, पोषण न देणाऱ्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमांचे मत आहे, तरी तीन महिन्यांच्या इंजेक्शनाची तारीख थोडी पुढे-मागे करता येते का, तेही विचारता येते. आणि आजाऱ्याला रोजाची सवलत आहे. साखर खाली-वर होणारा, घामाने गळून गेलेला माणूस हट्टाने रोजा धरत असेल तर घरच्यांनी त्याला ती आठवण द्यावी.

खर्चाची बाजू आपल्याकडे पूर्वीपेक्षा बरी आहे. एन्झाल्युटामाइडवरील पेटंटचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये नाकारला होता. ॲबिराटेरोन आणि एन्झाल्युटामाइड या दोन्ही गोळ्या आज अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. तेव्हा चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. ॲबिराटेरोनची पाव मात्रा हलक्या नाश्त्याबरोबर दिली तर पीएसएवर पूर्ण मात्रेइतकाच परिणाम दिसतो, असे २०१८ मध्ये ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात आढळले. परवडत नसेल तर या पर्यायाविषयी डॉक्टरांशी बोलता येते, पण मनाने गोळ्या कमी करू नयेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा जुना कागद घेऊन आधी त्याच्याकडे जावे आणि आपले नेमके औषध योजनेत बसते का, ते विचारावे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवायचे असेल तर ऑपरेशनच्या वेळचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि शक्य असल्यास त्या तुकड्याचे ब्लॉकही सोबत न्यावेत.

राहिले पुड्या आणि काढे. कलौंजी जेवणात असेल तर असू द्या, तिला कोणी मना करत नाही. पण प्रोस्टेटचा कॅन्सर बरा करणारी म्हणून विकली जाणारी पुडी वेगळी. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाच्या आठ वनस्पतींच्या कॅप्सूल विकल्या जात. त्या घेतल्यावर पीएसए खरोखरच खाली येत असे, डॉक्टरही चकित झाले होते. २००२ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांत रक्त पातळ करणारे वॉरफेरिन सापडले. काही खेपांमध्ये तर स्त्री-हार्मोनचे जुने कृत्रिम औषध मिसळलेले होते. म्हणजे पीएसए उतरवण्यात वनस्पतींपेक्षा हगिन्स यांच्याच काळातील औषधाचा हात होता, आणि घेणाऱ्याला ते माहीत नव्हते. माल बाजारातून परत घ्यावा लागला. एन्झाल्युटामाइड तर दुसऱ्या कितीतरी औषधांचा परिणाम कमी-जास्त करते. म्हणून अब्बा हकीमसाहेबांची किंवा शेजाऱ्याने दिलेली काही पुडी घेत असतील, तर त्यांच्यावर ओरडू नये. ती बरणी पिशवीत टाकून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.